चाखलेलं धरत नाहीत

"मीठ हे माणसाच्या अधोगतीचं मूळ आहे, आणि आजपासून या घरात मिठाचा खडा येणार नाही," अशी घोषणा रूपराव इखार यांनी १९८३ सालच्या संक्रांतीनंतरच्या सोमवारी, आंजीतल्या आपल्या अंगणात, लाकडी खुर्चीत ताठ बसून केली. रूपराव एरवी चारचौघांसारखंच बोलत. पण पस्तीस वर्षं जिनिंग सोसायटीत कारकुनी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यामुळे, महत्त्वाचं काही सांगायचं झालं की त्यांच्या तोंडून परिपत्रकच बाहेर पडे.

मनकर्णाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "मंग म्हशीले काय सांगू?"

म्हशीला रोज सरकीच्या ढेपेत चिमूटभर मीठ लागे, आणि ते नसलं की ती पान्हा चोरी. रूपरावांनी थोडा विचार करून परिपत्रकातून म्हैस वगळली. दहा मिनिटांनी शेजारच्या गोपिकाबाई पापडांसाठी वाटीभर मीठ मागायला आल्या, तेव्हा शेजारधर्म वगळावा लागला. दिवेलागणीपर्यंत मूळ घोषणेतलं एकटं रूपरावांचं ताट तेवढं शिल्लक राहिलं होतं.

कारण साधं होतं. वर्ध्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला होता. वरचा एकशे नव्वद, खालचा एकशे दहा. रूपरावांनी सवयीनं दोन्हींची वजाबाकी केली, ऐंशी आली, आणि ऐंशी म्हणजे बरेच चांगले मार्क असं समजून ते हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वजाबाकी करायची नसते, काका. आणि लघवीत अल्बुमिन जायला लागलंय. प्रेशर असंच राहिलं तर मूत्रपिंडं टिकणार नाहीत."

त्यानंतर रूपराव हसले नाहीत. त्यांचा थोरला भाऊ रामाजी सहा वर्षांपूर्वी याच रस्त्यानं गेला होता. आधी पाय सुजले, मग सकाळी उठल्यावर डोळे उघडेनात इतका चेहरा सुजला, आणि दिवाळीला जोडा मोठ्या मापाचा घ्यावा लागला म्हणून चेष्टा करणारा माणूस होळीला नव्हता. रूपराव हे कुणाजवळ बोलत नसत. पण रोज अंघोळीनंतर ते ओट्यावर बसून अंगठ्यानं नडगी दाबत आणि खळगा पडतो का ते बघत. मनकर्णाबाई आतून ते बघत, आणि बघितलं नाही असं दाखवत.

तर मीठ बंद झालं. आता गावात एखाद्यानं दारू सोडली तर लोक दोन दिवस कौतुक करून गप्प बसतात. पण मीठ सोडणं ही सार्वजनिक बाब आहे. पहिला आक्षेप अण्णाजींचा आला. अण्णाजी पंचाहत्तरीचे, समोरच्या घरात राहणारे, आणि १९३० साली सत्याग्रहात सहा महिने तुरुंगात जाऊन आलेले. वर्ध्याकडे समुद्र नसल्यामुळे त्यांनी प्रत्यक्षात सरकारी जंगलातलं गवत कापलं होतं. पण कापताना मनात मीठच होतं, असं ते दर पंधरा ऑगस्टला सांगत.

"रूपराव," ते काठी टेकत अंगणात येऊन म्हणाले, "ज्या मिठापायी आमी जेलात चक्की पिसली, ते तू ताटातून उठवून राह्यला काय?"

"काकाजी, डॉक्टरनं सांगतलं."

"इंग्रजाले जे जमलं नाई, ते तुह्या डॉक्टरीणबाईनं एका चिठ्ठीत करून दाखोलं," अण्णाजी म्हणाले, आणि महिनाभर रूपरावांच्या घरी चहा प्यायला आले नाहीत. मग आले ते उपाय घेऊन. पहाटे तांब्याभर पाणी पिऊन अनवाणी दंवावर चालायचं, रक्त आपोआप खाली उतरतं. फेब्रुवारी सरत आला होता आणि आंजीत दंव पडायचं थांबलं होतं, म्हणून रूपराव ओलावा शोधत गोपिकाबाईंच्या भाजीच्या वाफ्यात शिरले. गोपिकाबाईंचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बाजारात भाजी पाठवणारं. रूपरावांनी तीन दिवसांत दोन वाफे मेथी आणि अर्धा वाफा सांबार, म्हणजे कोथिंबीर, तुडवला. चौथ्या दिवशी गोपिकाबाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कमरेला हात लावून उभ्या होत्या.

"भाऊजी, रक्त उतरलं काय?"

"पाहून राह्यलो."

"माही मेथी उतरली पाह्य."

त्या आठवड्यात रक्तदाब पाचनं चढला. तरी गोपिकाबाई मनानं मोठ्या. त्यांनी राग सोडून सैंधव सुचवलं, कारण सैंधव हे मीठ नसून उपासाचा पदार्थ आहे. रूपरावांना हे फार पटलं. त्यांनी पंधरा दिवस प्रत्येक जेवण उपासाचं केलं, आणि डॉक्टरीणबाईंनी तपासून गोळी एकाची दोन केली. सैंधवाची गोष्ट कळल्यावर त्यांनी तेही बंद केलं, आणि मार्चअखेर दोनाच्या तीन गोळ्या केल्या. एक पांढरी, एक पिवळी, आणि एक लघवी वाढवणारी.

तरी प्रेशर तिथंच. एकशे पंच्याऐंशीच्या खाली ते यायला तयार नव्हतं. डॉक्टरीणबाईंना संशय आला की काका गोळ्या घेत नाहीत. हा आरोप रूपरावांना लागला. पुढच्या खेपेला ते एक फाइल घेऊन गेले. तिच्यात गोळ्यांची सगळी रिकामी पाकिटं, प्रत्येकावर तारीख, दोऱ्यानं ओवून, वर अनुक्रमणिका. डॉक्टरीणबाईंनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली.

"मग दोनच शक्यता," त्या म्हणाल्या. "एकतर मूत्रपिंडातच काही बिघडलंय, नाहीतर मीठ कुठून तरी पोटात जातंय. चोवीस तासांची लघवी जमा करून आणा. सकाळची पहिली फेकायची, मग दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या सकाळची पहिली धरायची. एक थेंब बाहेर नको. त्यात मीठ किती उतरलं ते मोजता येतं."

"माह्या पोटात मीठ जातच नाई," रूपराव म्हणाले. "हे मी लिहून देतो."

"लिहून नको. डब्यात द्या."

इथून पुढे या प्रकरणाला रूपराव "ते चोवीस तासांचं काम" म्हणू लागले. दवाखान्याचा डबा संपलेला होता. आपला स्वच्छ कॅन आणा, असं खिडकीवरच्या हिरालालनं सांगितलं. गोपिकाबाईंकडे पाच लिटरचा पांढरा कॅन होता. रूपरावांनी तो सात पाण्यांनी धुतला, वर नाव, वय आणि वेळ लिहिलेली दवाखान्याची चिठ्ठी चिकटवली, आणि सबंध एक बुधवार घरात बसून काम पार पाडलं. कुठं गेले नाहीत, कुणाकडे बसले नाहीत, फक्त घरचं आळणी जेवले. गुरुवारी सकाळी कॅन थैलीत घालून यष्टीनं वर्धा गाठलं.

हिरालालनं खिडकीतून घड्याळ दाखवलं. "नऊपर्यंत घेतो आमी. नऊ वाजून पंचवीस झाले."

"गाडीच सव्वानवाले पोचते, बाबू."

"अन् तुमच्या कागदावर चोवीस तास लिहून आहेत. आता हे सव्वीस तासांचं झालं." हिरालाल वाईट माणूस नव्हता, त्याला नियम फार थोडे पाठ होते आणि जे होते त्यांच्यावर त्याचा जीव होता. "सोमवार अन् गुरुवार, नऊच्या आत. नवीन आणजा."

रूपराव पस्तीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते. बाहेरच्या बाजूला कसं वाटतं ते त्यांना त्या दिवशी कळलं. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं मात्र हिरालालचे उपकार मानले पाहिजेत. तो बुधवारचा कॅन घेतला गेला असता, तर रूपरावांच्या पोटात मीठ नाही असं निष्पन्न झालं असतं, दोष मूत्रपिंडांवर ढकलला गेला असता, आणि ही गोष्ट फार वेगळ्या ठिकाणी संपली असती.

नव्या खेपेला सोमवारी पहाटेच जावयाच्या जीपनं जायचं ठरलं, म्हणजे काम रविवारचं आलं. आणि रविवारी त्यांचे मित्र लक्ष्मणराव यांच्या मुलीचं लग्न होतं. वरपक्ष वडनेरचा, पान आठशेचं.

इथं रूपरावांच्या एका मानाबद्दल सांगायला हवं. आंजीत लग्न असो, साक्षगंध असो की तेरवी, भाजीचा गंज चुलीवरून उतरायच्या आधी कवडू आचारी झारा बाजूला ठेवी आणि ओरडे, "भाऊजीले बलवा." मग रूपराव येत. लोक बाजूला होत. कवडू द्रोणात भाजी वाढून देई, रूपराव डोळे मिटून ती खात, आणि एकच शब्द बोलत: "होऊ दे," नाहीतर "मूठभर." त्याशिवाय पंगत बसत नसे. हे काम ते पंचवीस वर्षं करत आले होते, आणि भाजी आळणी किंवा खारट गेल्याचा बोल गावाला एकदाही लागला नव्हता. या कामाचे नियमही ठरून गेलेले होते. चाखणारा पंगतीत शेवटी बसतो. चाखणाऱ्याला पैसे विचारत नाहीत. आणि चाखलेलं धरत नाहीत. एकादशी असली तरी चाखणाऱ्याचा उपास मोडत नाही. तो जेवलेला नसतो, त्यानं काम केलेलं असतं.

रविवारी सकाळी रूपराव धुतलेलं धोतर नेसून, काळी टोपी घालून आणि खांद्याला थैली अडकवून मांडवात हजर झाले. कॅन थैलीत होता. बाईंनी एक थेंब बाहेर नको म्हटलं होतं, आणि लघवी वाढवणारी गोळी पहाटेच पोटात गेली होती.

कवडूनं वांग्या-आलूच्या पहिल्या गंजातून द्रोण भरला. रूपरावांनी तो संपवला.

"होऊ दे काय?"

"अंदाज नाई आला. अजून दे."

कवडूनं दुसरा द्रोण दिला. तो बरेच दिवस पाहून होता. संक्रांतीच्या आधी भाऊजींना दोन घासांत मीठ कळायचं, आता दोन द्रोण लागत. वयापायी जीभ जड होत असेल, असं त्याला वाटे, आणि वाईटही वाटे. त्या दिवशी दोन गंज भाजी, दोन गंज वरण आणि एक गंज कढी होती. दुसरी पंगत बसायच्या आधी सगळं पुन्हा एकदा बघून घ्यावं, असं रूपरावच म्हणाले.

दर पाऊण तासानं मात्र ते थैली घेऊन मांडवामागच्या तुराट्यांच्या कुडाआड जात आणि थोड्या वेळानं परत येत. ही गोष्ट वरपक्षातल्या मनोहररावांच्या लक्षात आली. मनोहरराव नवरदेवाचे थोरले काका, पांढऱ्या मिशांचे, आणि वरपक्षाचा माणूस म्हणून दोष शोधायलाच आलेले. त्यांना दिसलं ते असं, की हा पाहुणा स्वयंपाकाच्या जागेवरून उठतो, थैली घेऊन मांडवामागं जातो, आणि दर खेपेला थैली आधीपेक्षा जड होऊन येते.

चौथ्या खेपेला ते आडवे आले. "काऊन जी, थैलीत काय हाय?"

"खाजगी कागदपत्रं," रूपराव म्हणाले.

"कागद डुचमळून राह्यले."

चार-दोन माणसं जमली. कुणीतरी तूप म्हटलं, कुणीतरी गोडंतेल. लक्ष्मणराव धावत आले. मुलीचा बाप, अक्षता पडायला अर्धा तास. "पावणे," लक्ष्मणराव हात जोडून म्हणाले, "ह्या माणसानं पंचवीस वर्सं गावाचे गंज चाखले. त्यायच्या थैलीले हात लावायचा असन तर आधी माह्या पेटीले लावा."

रूपराव पस्तीस वर्षांच्या नोकरीत कधी झडती देऊन घरी गेलेले नव्हते. पण मित्राच्या मुलीचं लग्न आपल्या अब्रूपायी अडावं हे त्यांना झेपेना. त्यांनी मनोहररावांना बाजूला घेतलं, थैलीचं तोंड उघडलं, आणि कॅनवरची चिठ्ठी दाखवली. मनोहररावांनी चष्मा लावून ती वाचली. रूपराव रामदास इखार, वय एकसष्ट, सुरुवात सकाळी सहा.

मनोहररावांचा चेहराच बदलला. त्यांनी आवाज खाली घेतला. "सकाळची पहिली फेकली ना?"

"फेकली."

"बरं केलं. मी मागच्या साली नागपूरले धरली होती. सारा डबा फुकट गेला." त्यांनी स्वतःच्या पाठीवर डाव्या बाजूला हात ठेवला. "माहा इथला गुर्दा गेला आहे अर्धा. तुमचे कसे आहेत?"

"तेच पाह्यचं आहे," रूपराव म्हणाले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना मोकळं वाटलं.

मनोहरराव लोकांकडे वळले. "दवाई आहे त्यायची. चला, आपापल्या कामाले लागा." त्यानंतर दर खेपेला वरपक्षाचे थोरले काका स्वतः कुडाजवळ पाठ करून उभे राहिले आणि कुणाला तिकडे फिरकू दिलं नाही. वरपक्षाकडून एवढा मान आंजीच्या माणसाला आजवर मिळालेला नव्हता. लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि भाजीला कुणी नाव ठेवलं नाही.

सोमवारी पावणेनऊला हिरालालनं कॅन घेतला, पावती दिली, आणि म्हणाला, "हे असं पाह्यजे."

आठ दिवसांनी नवरा-बायको डॉक्टरीणबाईंपुढे बसले. बाईंनी कागद दोनदा वाचला.

"काका, चोवीस तासांत तुमच्या शरीरातून अठरा ग्रॅम मीठ गेलंय. तीन चमचे. इतकं तर निरोगी माणसानंही खाऊ नये." मग त्या मनकर्णाबाईंकडे वळल्या. "घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मीच करतो," मनकर्णाबाई म्हणाल्या.

रूपरावांनी बायकोकडे वळून पाहिलं. एकच क्षण, पण त्या पाहण्यात संशय होता, आणि तो मनकर्णाबाईंना दिसला. त्यांनी पदर सारखा केला आणि भिंतीकडे पाहू लागल्या.

"हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या रविवारी सकाळपासून काय काय पोटात गेलं, ते सगळं सांगा."

हेडक्लार्कला तपशील विचारावा, मग तो थांबत नाही. रूपरावांनी पहाटेच्या कोऱ्या चहापासून सुरुवात केली, आणि चाखण्यापाशी आल्यावर त्यांचा आवाज जरा चढला. पाच गंज, दोनदा. दर गंजाला दोन द्रोण.

"म्हणजे वीस द्रोण भाजी, वरण, कढी खाल्लीत तुम्ही?"

"खाल्ली नाई. चाखली."

"चाखलेलं पोटात जातं ना?"

"जाते," रूपराव म्हणाले. "पण ते जेवण नाई, ते काम आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अशी लग्नं आठवड्यात किती?"

"आता सीझनच आहे. चार-पाच. वरून तेरव्या."

"काका, तुमच्या मूत्रपिंडांना हे काम आहे ते माहीत नाही," त्या म्हणाल्या. चिडून नाही, थकून. "ती अजून धड आहेत. पण आणखी दोन वर्षं असं चाखलंत, तर मी काही करू शकणार नाही." त्यांनी पट्टा उचलला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तो मनकर्णाबाईंच्या दंडाला बांधला. "एकशे बावीस, अठ्ठ्याहत्तर. छान आहे. तुम्ही जेवणात काय घेता?"

"हेच. आळणी."

"तुम्ही कशासाठी?"

"वेगळी भाजी काढली तर ह्यायले दिसन. मंग मन होईन खायचं." मनकर्णाबाई सहज म्हणाल्या. "संक्रांतीपासून दोघायचं एकच करतो मी."

रूपरावांना हे माहीत नव्हतं. मनकर्णाबाई त्यांच्यामागून जेवत, आणि अडतीस वर्षांत त्यांनी बायकोच्या ताटात काय आहे ते कधी पाहिलेलं नव्हतं. चार महिने ही बाई सकाळ-संध्याकाळ फिकं वरण गिळत होती, आणि आपण द्रोणावर द्रोण रिचवून घरी येत होतो, वर तिच्या भाजीला चव नाही म्हणून तोंड वाकडं करत होतो. "तुम्हाला एवढं कडक करायची गरज नाही बरं का," डॉक्टरीणबाई मनकर्णाबाईंना सांगत होत्या; रूपरावांना ते लांबून ऐकू आल्यासारखं वाटलं. यष्टीत त्यांनी बायकोला खिडकीची जागा दिली.

त्याच संध्याकाळी त्यांनी कवडूकडे जाऊन राजीनामा दिला, तोंडी आणि लेखी. कवडूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पुढच्या लग्नात त्यानं स्वतःच बोट बुडवून मीठ पाहिलं, आठशे माणसं जेवली, आणि कुणाला फरक कळला नाही. ही बातमी अण्णाजींनी मुद्दाम आणून दिली. पंचवीस वर्षांचं काम एका बोटानं होत होतं, हे पचवायला रूपरावांना मीठ सोडण्यापेक्षा जड गेलं.

महिन्यानं मात्र रक्तदाब एकशे बेचाळीसवर आला. अल्बुमिन जवळपास थांबलं. डॉक्टरीणबाईंनी एक गोळी कमी केली.

रूपराव घरी आले ते सरळ अंगणात खुर्ची टाकून बसले. अण्णाजी आले, गोपिकाबाई धुऱ्यावरून आल्या, मनकर्णाबाईंना त्यांनी चुलीपुढून बोलावून घेतलं. मग उभं राहून, टोपी नीट करून ते शुद्ध भाषेत बोलले. मूत्रपिंड ही ईश्वराची ठेव आहे, असं म्हणाले. या यशाचं सारं श्रेय माझ्या धर्मपत्नीचं आहे, ती चार महिने आळणी जेवली आणि मी तिच्यावर संशय घेतला, याबद्दल सर्वांसमक्ष माफी मागतो, असंही म्हणाले. इथं गोपिकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "म्हणून आम्ही उभयतांनी," रूपरावांनी समारोप केला, "आजन्म मीठ वर्ज्य करण्याचा निश्चय केलेला आहे."

अण्णाजींनी काठी आपटून मान डोलावली. मनकर्णाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या नवऱ्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या,

"ते सारं बरं झालं. आता तुमी खुर्ची जरा रस्त्याकडे फिरवून बसता काय? मले लोणच्याशी भाकर खायची हाय."